न पिता भांडणारा माणूस

ती घटना आजही आठवते आणि आजही हसू येते. नावे सांगत नाही, म्हशीचेही नाही.

कोल्हापुरात कट्ट्यावर म्हैस आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात. असाच एक कट्टा आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होता. एका सकाळी तिथले मालक तरातरा ठाण्यात आले. त्यांची सर्वांत दुधाळ म्हैस गोठ्यातून गायब होती आणि तिची धार काढणारा गडीही. गडी दारूबाज, दंग्याबद्दल आमच्याकडे पूर्वीच नोंद असलेला.

"साहेब, ह्या खेपेला सोडायचं न्हाय. आतच टाका," मालक म्हणाले.

गुन्हा नोंदवला. बिनतारी संदेशात म्हशीचे वर्णन देताना आमच्या अंमलदाराला "रंग काळा" यापुढे काही सुचेना.

दुपारी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका चहावाल्याचा फोन आला. "साहेब, हितं एक पावणं म्हशीची समजूत काढाय लागल्यात. तुमचं कोन हाय काय?"

गेलो. म्हैस सावलीत बांधलेली, अंग धुतलेले, पुढ्यात ओला चारा. चोर माल विकतो, त्याला आंघोळ घालत बसत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. गड्याच्या तोंडाला दारूचा वासही नव्हता.

"का आणलीस रे?"

"तिला इख घालनार हायत, साहेब. कानात सांगत्यात मला."

"अजून उतरली न्हाय की ह्येची!" शिपाई हसले.

ठाण्यात आणून त्याच्या घरी कळवले. बायको डबा घेऊन आली आणि आल्या आल्या कडाडली, "आता बास झालं! ह्ये आत गेलं की मी गारगोटीला माझ्या म्हायेरी चालले. पिलं की गप झोपत्यात, न पिता ऱ्हायलं की भिताडासंगं भांडत्यात!"

मी चमकलो. उभ्या नोकरीत दारुड्यांच्या बायकांची एकच तक्रार ऐकली होती: शुद्धीत सोन्यासारखा, प्याला की राक्षस. ही बाई नेमके उलटे सांगत होती.

"आधी काय सुरू झालं? दारू का हे आवाज?"

"आवाज की!" ती म्हणाली. गडी मान खाली घालून बोलला, "पिलो की त्ये गप बसत्यात, साहेब. म्हनून पितोय."

माझ्या दृष्टीने तपास तिथेच लागला. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे त्याला नेले. दारू एकदम तुटली तरी भास होतात, म्हणून त्यांनी त्याला काही दिवस ठेवून घेतले. झोप, भीती, आवाज, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार, सगळे शांतपणे विचारले. बायकोला वेगळे विचारले. निष्कर्ष असा, की व्यसन खरेच, पण त्याच्या आधीपासून मनाचा आजार. "दोन्हींवर एकदम उपचार हवेत. एक राहिला तर तो दुसऱ्याला परत आणतो," त्या म्हणाल्या. गडी पूर्वी व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आला होता. तिथे हे कोणी विचारलेच नव्हते.

राहिले मालक. त्यांना कसे समजवावे या विचारात होतो, तोच ते स्वतःच पडलेल्या चेहऱ्याने आले. "साहेब, म्हस पान्हा चोरतीया. दुसऱ्या कुनाला आचळाला हातच लावू देत न्हाय. ह्यो कवा बरा हुनार?" डॉक्टरांचा अहवाल कोर्टापुढे ठेवला आणि कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली. त्याची सुटका झाली त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला. मालकांना माझ्याहून जास्त झाला असावा.

त्यानंतर मी जिथे जिथे होतो, तिथे दारुडा शुद्धीवर आला की आधी झोपेची, भीतीची चौकशी व्हायची आणि शंका आली की थेट डॉक्टरकडे रवानगी. दारूचा वास सगळ्या ठाण्याला येतो, आजाराला वास नसतो. तो विचारावाच लागतो.

परवा त्या कट्ट्यावर गेलो होतो. गड्याने फेसाळता पेला हातात दिला. शेजारी बायको उभी होती. "गोळी घेतलासा न्हवं?" तिने दटावले. त्याने मान डोलावली.

"उद्या गारगोटीला चाललोय, साहेब," तो म्हणाला. "दोघंबी."

"आणि म्हशीचं काय?"

"तिला सांगून ठेवलंय, एक दिस मालकाच्या हाताला दूध दे म्हनून."

माझा पेला ओठांशीच थांबला. ते पाहून तो खदखदून हसला.

"मी सांगतोय, साहेब. ती काय बोलत न्हाय."