डाव्या हाताचा आशीर्वाद

"फादर, ह्यो हात डावा हाय! डाव्या हातानं कुणी आशीर्वाद देतं व्हय?" — इंदापुरातल्या चर्चच्या सणाला मार्थामावशी अशी ओरडली, की भिगवणचे फ्लेमिंगो उठून थेट कच्छला गेले. तिच्या हातात छापील चित्र फडफडत होतं. समोर ते कोरणारा सुरेश. त्याच्या आडोशाला मी. आता पुढचं — हे मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही, आणि तिला तर मी न घडलेलंही सांगतो.

सुरेश आणि मी बारामतीत एकाच गुरुजींकडे लाकडी ठसे कोरायला शिकलो. मी मोर कोरला की लोक विचारायचे, कोंबडी का? त्यानं आंबा कोरला की त्यावर माश्या बसायच्या — शपथेवर सांगतो! त्यात फादरनी काम दिलं त्यालाच. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात जत्रेला संतांच्या अस्थी दाखवायचे, आणि भाविक त्यांची ठशावर छापलेली चित्रं घरी न्यायचे. फादरना सणाला तसलंच एक चित्र हवं होतं — चांदीचा उजवा हात, आत संताचं हाड, बोटं आशीर्वादाला वर. तो हात आता घरोघरी लागणार होता. हे काम मला का नाही सांगितलं? कारण ठाऊक होतं, म्हणून तर जळत होतो.

ठशाचं कसं असतं — लाकडावर उलटं कोरावं, तेव्हा कागदावर सुलटं उठतं. सुरेशनं गडबडीत कोरायचं चित्र लाकडावर सरळच चिकटवलं. अक्षरं असती तर ध्यानात आलं असतं. नुसत्या हाताचं काय कळणार? मला कळलं. पहिल्याच दिवशी. आणि मी काय केलं? "वा रं पठ्ठ्या" म्हणालो, चहा सांगितला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर — पण नाही. कोरणाऱ्याचे डोळे चुकीला सरावतात, म्हणून पहिला छाप दुसऱ्याला दाखवायची आमची रीत. त्यानं मलाच बोलावलं. ओल्या शाईतला तो डावा हात माझ्यासमोर धरला — "नीट बघ रं. बरं हाय न्हवं समदं?"

एक शब्द पुरे होता.

"झकास!" मी म्हणालो. "छापून टाक सगळे."

सणाचं जेवण उरकायच्या आत त्या हाताचा फोटो बारामतीपर्यंत पोचला. मीच पाठवला. सुरेशनं हत्यारं पेटीत घातली ती पुन्हा काढली नाहीत. आता डाळजला ऊस बघतो.

मागाहून एकदा त्याच्या बांधावर गेलो. तो उसाला पाणी देत होता. "आयला सुरेश," मी म्हणालो, "मला तरी कुठं दिसलं!"

त्यानं मान वर केली नाही.

"दिसलं असतं तर तू सांगितलंच असतंस की."