एकसारख्या पिशव्या

आभाळ खाली उतरलं होतं, पण थेंब नव्हता. धाड गावाजवळच्या रंगरावच्या वावरात ताग छातीला लागलेला. त्यातून चालताना बेबीताईची साडी कमरेपर्यंत दवानं भिजली. मागून तिची जाऊ धम्मशीला, हातात विळा.

काम नवंच होतं. कृषी कॉलेजच्या प्रतीक्षानं पाठ फिरवून लोखंडी चौकट तागात फेकायची. पडेल तिथला, चौकटीच्या आतला ताग या दोघींनी बुडाशी कापून पिशवीत भरायचा. हा ताग विकायचा नव्हता. जमीन झाकायला पेरलेला, पुढं मातीतच जिरणारा. किती जागा कापल्या म्हणजे सगळ्या वावरातल्या तागाच्या वजनाचा अंदाज खरा येईल, एवढंच प्रतीक्षाला ठरवायचं होतं.

बेबीताईचा हात भाजीवालीचा. नवरा गेल्यापासून घरामागं अंबाडी, पालक लावायचा आणि धाडच्या बाजारात बसायचं. बेबीची जुडी डोळे मिटून उचलावी, असं गिऱ्हाईक म्हणे. एक जाड, एक बारीक, हे तिच्याकडं नाहीच.

चौकट आधी खोलगट जागी पडली. पिशवी फुगली. मग मुरमाड उंचवट्यावर. तिथं नुसत्या हाडकुळ्या काड्या. प्रतीक्षा पुढं निघून गेलेली. बेबीताईनं फुगल्या पिशवीतला मूठभर ताग काढून या हलक्या पिशवीत कोंबला.

"ताई, हे काऊन करून राह्यल्या?"

"अवं, अशी मरतुकडी पिशवी देते का कोनी? पोरगी नाराज होईन."

"तुमाले त अख्खं वावर बाजारात मांडाचं हाय!" धम्मशीला हसली, पण तिनं अडवलं नाही. दुपारपर्यंत हात तसाच चालत राहिला.

गोठ्यापाशी पिशव्या काट्याला लागल्या. प्रतीक्षा खुलली. "मावशी, बघा, सगळी वजनं सारखीच! रान एकसारखं आहे. मग इतक्या जागा कापायची गरजच नाही. उद्यापासून वावराच्या एका पट्टीला दोन-तीन जागा पुरे. एकच बाई लागेल. सरांना सांगते, बाकीच्या गावांतही असंच करू."

धम्मशीलाचं तोंड उतरलं. तिनं बेबीताईकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच बेबीताईला लागलं. सोडलेली भाकर तिनं तशीच पुन्हा फडक्यात बांधली. जावेचा रोज आपण घालवला. पोरीला मुरूम आणि काळी माती एक करून दाखवली, तीही आपणच.

"प्रतीक्षाबाई, रान एकसारखं नाई. म्या केलं."

"म्हणजे?"

"जाड्या पिशवीतलं बारकीत घातलं. मले वाटलं, सारखं दिसलं पाह्यजे."

प्रतीक्षाचा हात काट्यावरच राहिला. "मावशी, मला तो फरकच तर बघायचा होता. फरक जास्त, तर जागा जास्त कापाव्या लागतात."

"चुकलं वं माय."

प्रतीक्षानं एकेक पिशवी बांधावर उलटी केली. मग बेबीताईकडं न बघता म्हणाली, "उद्या राहिलेल्या तागात पुन्हा कापू. सगळ्या जागा. धम्मशीलाबाई, तुम्ही या. जोडीला दुसरं कोणी बघा."

वाटेत धम्मशीला म्हणाली, "मी बी त हसलीच होती ना. माह्यं नाव काऊन नाई घेतलं?"

"तू ये सकाळी. चौकटीतलंच घेजो. काडी इकडची तिकडं करू नको."

घरी अंबाडी उपटून ठेवलेली होती; उद्या बाजार. बेबीताई ओट्यावर बसली, मांडीवर सुतळी घेतली. एक जुडी जाड झाली. तिनं चार काड्या उपसल्या, बारकीत खोचल्या आणि गाठ मारली.