तरवाल्याची एकादशी

बावन्न सालच्या सुमाराला रत्नागिरीजवळच्या खाडीवर माणसं होडीतून पलीकडे नेणारा एक मुसलमान तरवाला होता. नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना वल्हं थांबवून तो पाण्याकडे बघायचा. एका सकाळी मी होडीत भाकरी न्‌ तळलेल्या बांगड्याचं पुडकं सोडलं.

"भाऊ, आज तुमची एकादशी."

"दशमी. पंचांग मी स्वतः वाचतो."

"दशमीचं पाणी आठाआधीच उतरायला लागतं. आठ वाजून गेले, अजून चढतंय."

बारा वर्षांत माझी एकादशी मोडली नव्हती. मी पुडकं त्याच्यापुढे सरकवलं. त्याने काटासुद्धा चोखला.

"उद्या एकादशी निघाली, तर बांगडा परत देईन हां."

मी अजूनही म्हणतो, दशमीच होती. म्हणून तर मी दुसऱ्या दिवशीही उपास केला.