गुणमालाबाईंच्या मालकीचं काय

माधवनगरच्या गुणमालाबाईंना कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही, आणि त्यांनी एकदा मनावर घेतलेली गोष्ट दहा जणांनी समजावलं तरी सुटत नाही. यातला पहिला गुण त्यांच्या यजमानांना, पायगोंडांना, लग्नानंतर आठवड्याभरातच कळला होता. दुसरा कळायला मात्र यंदाची दिवाळी तोंडावर यावी लागली.

मागे एका चातुर्मासात गावात जैन साध्वी, माताजी, आल्या होत्या. बायकांनी आपापल्या परीनं नियम घेतले. कुणी बटाटा सोडला, कुणी मालिका सोडल्या. गुणमालाबाईंनी नियम घेतला तो असा, की आपल्या मालकीची एक वस्तू नवी आली की त्याच जातीची एक घराबाहेर जाईल. साडी आली की साडी गेली, चप्पल आली की चप्पल गेली. त्यांना दुकानात एखादी साडी आवडली असं नुसतं कानावर आलं, तरी मागच्या गल्लीतल्या बायका दोन दिवस जरा जास्तच गोड बोलत.

आणि अशा बाईनं एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं चालली असताना, भाकरी वाढता वाढता सांगून टाकलं, "मला टॅब घ्यायचाय. पेनवाला."

मुलगा सम्मेद हसला. कुपवाडला त्याचं लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. "आई, फोन हाय, लॅपटॉप हाय. मधलंच कशाला? फोनासारखा खिशात बसत न्हाई, लॅपटॉपएवढं काम करत न्हाई."

"तुझ्याकडं हातोडा हाय, स्क्रूड्रायव्हर हाय. मग भिंतभर पान्हे कशाला टांगलेस रं?"

पायगोंडांना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "लय बोलाय शिकलीस."

"बीएस्सी झालीया न्हवं मी. आठवायला उशीर झाला एवढंच."

टॅबचं वेड लावलं ते पुण्याच्या भाचीनं, श्रद्धानं. ती गणपतीत राहायला आली होती. मंदिरात मोठं विधान, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची पूजा, असली की ओट्यावर रंगीत तांदळाचं मंडल मांडतात. गोलात गोल, गोलात पाकळ्या, पाकळ्यांत लहान लहान कोठे आणि एकेका कोठ्यात एकेक अर्घ्य. हे मंडल गुणमालाबाई आधी कागदावर आखून देत आणि बायका रात्रंदिवस बसून भरत. पण गेली काही वर्षं मंदिराची कमिटी छापील फ्लेक्सच आणून पसरते. दोन मिनिटांत काम, वर प्लॅस्टिकचा वास. त्यांनी श्रद्धाच्या टॅबवर सहज एक पाकळी काढली तर गोलभर तशाच पाकळ्या उमटल्या. एक पुसली की सगळ्या पुसल्या, एक वाकवली की सगळ्या वाकल्या. कागदावर खोडून खोडून भोकं पाडणाऱ्या त्या बाई दुपारभर जागच्या हलल्या नाहीत.

श्रद्धा गेल्यावर त्यांनी फोनवर काढून पाहिलं, तर बोटाखालीच मंडल झाकून जायचं. लॅपटॉपवर रेघ ओढायची म्हणजे खराट्यानं कुंकू लावण्यातला प्रकार. दिवाळीनंतरच्या विधानाला फ्लेक्स न आणता आपण आखलेलं मंडल मांडायचं, हे त्यांनी मनात पक्कं केलं. टॅब नाही तर ते होणार नाही, हेही त्यांना स्वच्छ दिसत होतं.

सम्मेदनं शेवटचं हत्यार काढलं. "बरं, घेऊ. पण तुझा नियम? एक आलं की एक बाहेर. काय देणार?"

"लॅपटॉप न्हाई हां," पायगोंडा घाईनं म्हणाले. त्यांचं खत-औषधांचं दुकान आहे. "बिलं कोन करनार?"

"आणि फोन तर अजिबात न्हाई. तुला फोन लावायचा कुठं मग?"

"झालं तर," असं म्हणत पायगोंडांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. बाईंना त्यांच्याच नियमात कोंडून बापलेक खुशीत उठले.

दुसऱ्या दिवशी गुणमालाबाईंनी काही केलं नाही, नुसतं बघितलं. सकाळी फोन वाजला. सम्मेदचा. टेबलावर ड्रॉइंग राहिलंय, फोटो पाठव. मग पायगोंडांचा. डिग्रजच्या गिऱ्हाइकाचं बिल काढ. मग कमिटीचा, उद्याच्या अभिषेकाची वेळ सगळ्या बायकांना कळवा. मग कुरिअरवाला, सम्मेदचं पार्सल घेऊन. दुपारी बहिणीचा, इचलकरंजीच्या कीर्तीचा, तेवढा एक त्यांचा स्वतःचा. भांडी आवरून त्यांनी लॅपटॉप उघडला आणि शांतपणे एकेक घडी उलगडावी तसं आत पाहिलं. दुकानाची बिलं, वर्कशॉपची कोटेशनं, सम्मेदच्या लग्नाचा बायोडाटा, नवा बायोडाटा, शेवटचा बायोडाटा. स्वतःचं म्हणावं असं काही सापडलं नाही.

संध्याकाळी पायगोंडा पेपर वाचत बसले होते. त्यांच्यापुढं गुणमालाबाईंनी फोन ठेवला, शेजारी लॅपटॉप आणि दोन्हीचे चार्जर.

"काय झालं? बिघडलं?"

"न्हाई. चांगलं चाललंय. तुमचं तुमाला दिलं."

"म्हंजे?"

"आवं, नियम माझ्या वस्तूंचा हाय. काल सम्मेदनं विचारलं, काय देणार? म्हणून आज दिवसभर बघितलं. ह्यातलं माझं काय बी न्हाई. उगाच माझ्या नावावर बसलंय. बिलं तुमी काढा, ड्रॉइंग सम्मेद सांभाळंल. टॅब आला की माझ्याकडं एकच वस्तू."

सम्मेद आतून आला. "ही पळवाट झाली, आई."

"पळवाट असती तर दोन्ही ठेवून तिसरं घेतलं असतं."

"अगं, टॅबवर पण व्हॉट्सॲप घेता येतं..."

"येतं. मी घेणार न्हाई."

"मग तुला गाठायचं कसं?"

"लग्न झाल्यापासनं ह्याच घरात हाय मी. सापडले न्हाई असं कवा झालंय?"

पायगोंडा फोन उलटासुलटा करत हळूच म्हणाले, "आनि कीर्ती? दुपारी तिचा फोन येतोय न्हवं?"

हे मात्र लागलं. दुपारच्या त्या बोलण्यावर बाईंचा उरलेला दिवस निघायचा.

"तिला मघाशीच फोन करून सांगितलं. लय रागावली. मग म्हणाली, आता निदान येशील तरी. दर बुधवारी जाणार हाय मी. एस्टीनं. त्या दिवशी तुमी तुमचं वाढून घ्यायचं."

सांगलीच्या दुकानात सम्मेद बरोबर गेला. जाताना वाटभर त्यानं सिमचे फायदे सांगितले. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "काकू, नातवंडांच्या अभ्यासाला का?"

"माझ्या कामाला."

"सिमवाला दाखवू?"

गुणमालाबाईंनी काही बोलायच्या आत सम्मेदच म्हणाला, "बिनसिमचा दाखव. आणि पेन चांगलं दे, हात हलका हाय तिचा."

आता फोन टीव्हीखालच्या कप्प्यात असतो. परवा सकाळी तो वाजला. वाजत राहिला. शेवटी पायगोंडा उठले.

"हां, बोला. अभिषेकाची वेळ? थांबा हां." त्यांनी फोनवर हात ठेवला. "गुणमाला, उद्या अभिषेक कितीला गं?"

"मंदिरात फळ्यावर लिहितात. बघून या." त्यांनी मान वर केली नाही. मधली पाकळी काही केल्या मनासारखी येत नव्हती.

पायगोंडांनी चप्पल पायात सरकवली. ते दारात पोचले तेव्हा मागून हाक आली.

"आवं, कमिटीतलं कोण भेटलं तर सांगा, यंदा फ्लेक्स मागवू नका म्हणावं."

"झालं व्हय तुझं मंडल?"

"न्हाई."

"मग काय सांगू?"

"हेच सांगा. झालं न्हाई, पण फ्लेक्स आणायचा न्हाई."

पायगोंडा उंबरा ओलांडून निघाले. गुणमालाबाईंनी ती पाकळी पुसली, गोलभरच्या सगळ्याच पुसल्या गेल्या, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतलं.