पुढे सरकवलेलं ताट

प्रभूभोजनाचं ताट आईनं तुकडा न घेता माझ्याकडे सरकवलं, तेव्हा मला वाटलं तिचं लक्ष नाही. मी तिला कोपरानं ढोसलं. ती समोर बघत राहिली.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी ब्रेडचे छोटे तुकडे स्टीलच्या ताटातून बाकाच्या एका टोकाकडून दुसरीकडे हातोहात जातात. ख्रिस्ताचं मोडलेलं शरीर म्हणून एक तुकडा घ्यायचा आणि ताट शेजारच्याला द्यायचं. एखाद्यानं घेतलं नाही तर त्याच्या मनात काहीतरी पाप आहे, हे सगळ्या बाकाला कळतं आणि दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या चर्चला. त्यात ते ताट बाकाच्या टोकाशी आणून देणारे आमचे पप्पाच होते. ते चर्चचे एल्डर, म्हणजे कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींतले. आईनं त्यांच्या देखत ताट सोडलं, पण घरी आल्यावर ते एक अक्षर बोलले नाहीत. मटणाचा रस्सा भुरकत राहिले. त्यांचं असं गप्प बसणं आम्हाला ओरडण्यापेक्षा जड जायचं.

पप्पांनी सगळी नोकरी फाउंड्रीत काढली. वितळलेलं लोखंड साच्यात पडताना बघितलं की देवाचा कोप म्हणजे काय ते समजतं, असं ते सांगायचे. पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की त्यांची संध्याकाळची प्रार्थनाही वाढायची. कोपाबद्दलच्या त्यांच्या सांगण्याचे दोन भाग असत. पापावर देवाचा क्रोध भडकतो, हा पहिला. तो सगळा क्रोध ख्रिस्तानं वधस्तंभावर आपल्या अंगावर घेतला आणि आपल्याला वाचवलं, हा दुसरा. पहिला भाग ते तासभर सांगायचे आणि दुसरा आमेनच्या आधी उरकायचे. मला याचा फार राग यायचा. राग हा आमच्या घराण्याचा वारसाच आहे, त्यामुळे मी त्यांना दोष तरी कुठल्या तोंडानं देणार?

त्याच महिन्यात आईच्या छातीतल्या कळांचं निदान झालं. बायपास करायचं ठरलं आणि पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारनंतरचा मंगळवार मिळाला. तो जवळ आला तशी आई म्हणायला लागली, मी ऑपरेशन करून घेणार नाही. डॉक्टरांनी समजावलं, चर्चच्या पाळकांनी घरी येऊन प्रार्थना केली, पण ती बधेना. शेवटी शुक्रवारी ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती तेव्हा मी समोर बसले आणि सरळ विचारलं, "ताट का सोडलंस?"

तिनं दोन-तीन काड्या निवडल्या आणि म्हणाली, "वाडीचा पेढा खाल्ला मी."

हे बाहेरच्याला हसण्यासारखं वाटेल. आमच्या घरात दुसऱ्या देवापुढं ठेवलेलं खात नाहीत. शेजारच्या काकू शेतकरी घरातल्या, भाविक. जोतिबाला जाऊन आल्या की खोबरं आणि नृसिंहवाडीहून आल्या की पेढे आमच्या घरी येणारच. आई ते दोन्ही हातांनी घ्यायची, "बरं झालं, दर्शन चांगलं झालं का?" म्हणायची आणि काकूंची पाठ वळली की भांडी घासणाऱ्या बाईच्या पदरात बांधून द्यायची. काकूंना हे ठाऊक होतं आणि त्यांना ते ठाऊक आहे हे आईलाही ठाऊक होतं. दोघींनी कधी त्याचा उच्चार केला नाही. अशा समजूतदारपणावर आमची गल्ली इतकी वर्षं सुखानं नांदत होती.

"त्या दिवशी मला लई कळा येत होत्या," आई म्हणाली. "ती दारात आली. म्हणाली, वहिनी, तुमच्यासाठी उपास धरून गेलतो, पाया पडून आलो. पेढा पुढं केला आणि तिथंच उभी ऱ्हायली. काय करायचं मी? तिच्यासमोर तोंडात टाकला. आणि त्या रात्री कळ न्हाय आली बघ मला."

शेवटचं वाक्य ती अगदी हळू बोलली. दुसऱ्या देवाच्या पेढ्यानं गुण आला की काय, ही भीती तिथं होती.

"मग देवाची माफी माग आणि मोकळी हो की," मी म्हणाले.

"मागितली की. तोंडानं मागितली. आत पश्चात्ताप न्हाय." तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "माझ्यासाठी उपाशी ऱ्हायलेल्या बाईच्या हातचं खाल्लं, त्यात पाप हाय असं मला वाटतच न्हाय. आणि पश्चात्ताप नसताना ताटाला हात लावायचा न्हाय, कोप ओढवतो, हे पप्पांनी आयुष्यभर सांगितलं. हात न लावता ऑपरेशनच्या टेबलावर गेलो, तर तशीच कोपाखाली मेलो. मी न्हाय जायची."

मला रडू आलं आणि संतापही आला. माझी आई मरणाला भीत नव्हती. मेल्यावर समोर कोण कुठल्या चेहऱ्यानं उभा असेल, याला ती भीत होती, आणि तो चेहरा आमच्या घरात तयार झाला होता.

शनिवारी संध्याकाळी पप्पा दुसऱ्या दिवशीच्या प्रभूभोजनासाठी ब्रेडच्या कडा कापत बसले होते. हे काम ते कुणाला करू देत नसत. मी त्यांच्या पुढ्यात उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. सुरी थांबली.

"खाल्ला?"

"खाल्ला."

ते उठून आईच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले, कारण आज ते ओरडले असते तर मीही ओरडणार होते.

"देवाला सगळं दिसतंय," ते म्हणाले.

"दिसतंय म्हणूनच घेत न्हाय मी." आई पलंगावर बसली होती, पदर सारखा करत. "एक इचारू? सगळा कोप त्यानं अंगावर घेतला, असं तुम्हीच सांगता न्हवं? सगळा? मग माझ्या वाट्याला हा उरलाय तो कुणाचा वो? देवाचा, का तुमचा?"

उभ्या जन्मात तिनं त्यांना असा सवाल केला नव्हता. पप्पांचा चेहरा उतरला. ते परत येऊन ब्रेड कापायला बसले. त्या शनिवारचे तुकडे वेडेवाकडे झाले होते, एक अंगठ्याएवढा तर एक नखाएवढा.

रविवारी आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. आई टोकाला, तिच्या शेजारी मी. पाळकांनी आशीर्वाद मागितला, पेटी वाजायला लागली आणि एल्डर ताटं घेऊन निघाले. पप्पा आमच्या बाकाशी आले. आईनं ताट पुढं सरकवायला हात उचलला, पण पप्पांनी ते तिच्या हातात दिलंच नाही. तिच्यापुढं धरून उभे राहिले. मागच्या बाकांवर ताट पोचायचं थांबलं. पेटी वाजवणारा कडवं संपवून पुन्हा त्याच कडव्यावर आला.

"घे की," पप्पा म्हणाले. त्यांना हळू बोलता येत नाही, फाउंड्रीनं कान नेलेत. चार बाकांना ऐकू गेलं.

आईनं मान हलवली. "मला पश्चात्ताप न्हाय वो."

"मला हाय," पप्पा म्हणाले. "तुला एवढं भ्या घातलं त्याचा. त्यानं तुझ्यासाठी मोडलंय हे. घे आता."

आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग ताटाकडे, आणि अंगठ्याएवढा तुकडा उचलला. मी कुठला उचलला ते मला आठवत नाही. डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं.

मंगळवारी ऑपरेशन नीट पार पडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या ध्यानात राहिलं ते त्याच्या आधीचं. स्ट्रेचर आत न्यायच्या वेळी आईनं मला विचारलं, "काकूंना कळवलंस का आज हाय म्हणून?"

मी घाईत विसरले होते. मी काही बोलायच्या आत पप्पा तिच्या उशाशी वाकले.

"मीच सांगून आलोय सकाळी," ते म्हणाले. "वाडीला निघालीया ती. जावा म्हटलं."