माहेरच्या ग्रुपवर गेलेला आवाज

"तुमची एचआयव्ही टेस्ट पॉझिटिव्ह आलीय," लातूरच्या सरकारी दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, "म्हणजे चांगलं का?" इतकी येडी होते मी. नवरा माझ्या आधीपासून चोरून गोळ्या खात होता. आजार त्याचाच, तरी घरी नेऊन मलाच बदडलं आणि हाकलून दिलं.

चाकूरला माहेरी आले. भांडण झालं, एवढंच सांगितलं. कडी वाजली तरी नवराच आला समजून कोपऱ्यात दडायचे. दवाखान्यातल्या समुपदेशक ताई म्हणाल्या, हा ट्रॉमा, म्हणजे मनाला बसलेला मार. त्यांनीच मला आमच्यासारख्या बायांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं. घरच्यांना संशय नको म्हणून नाव 'वाळवण'. सकाळी एआरटीची, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी गोळी घेतली की हजेरी लावायची. नाव न्हाई, फक्त गाव. "बिलोली हजर." "रेणापूर हजर." मी दोन दिवस गप राहिले तर बिलोलीचा फोन आला. "चाकूर, मेली का गं? मी बी कडी वाजली की भिताडाला चिकटत होते. गिळ गोळी!" लई रडले, मग गिळली.

वर्षभरानं व्हायरल लोड तपासला, म्हणजे रक्तात विषाणू किती ते. सापडलाच नाही! घरी येऊन फोनात आवाज भरला, "बायांनो, मशीनला माझा एचआयव्ही दिसंना!" आणि 'वाळवण'ऐवजी चुकून पाठवलं माहेरच्या ग्रुपवर. घाबरून डिलीट केलं, तर ते फक्त माझ्याच फोनातून गेलं.

भावजय सुरेखा फोन घेऊन समोर उभी. "आक्का, हे काय हाय?" तिची सात महिन्यांची चिमी माझ्याच कुशीत झोपायची. ती माझ्यापासून तुटली असती तर माझं उरलं काय असतं? सगळं सांगितलं. भाऊ म्हणाला, "तुम्ही बायाच बघा." सुरेखानं लेकरू उचललं. चार दिवस माझ्याकडं दिलं नाही.

पाचव्या दिवशी लेकरू घेऊन ती माझ्यासोबत दवाखान्यात आली. डॉक्टरांना थेट विचारलं, "लेकरू हिच्याजवळ झोपतंय. चालतंय का?"

"खुशाल झोपू द्या. जवळ घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा पसरत नाही. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

माझ्यासारख्या बायांनो, गोळ्या दवाखान्यानं दिल्या, पण रोज घ्यायचं बळ मला कधी न पाहिलेल्या बायांनी दिलं. त्यांचे उपकार फिटणार न्हाईत. तुम्हीही एकट्या कुढू नका.

परतीच्या बसमध्ये सुरेखानं चिमीला माझ्या मांडीवर टाकलं. "धरा आता. चार दिवस लई पिरपिर केली हिनं, मला झोपू द्या." चाकूर येईस्तोवर सुरेखा घोरत होती.