तांबडा बोकड आणि अर्धवट अँटिबॉडी

मामाचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आम्ही बोकड कापला.

दत्तूमामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ. श्रीगोंद्याजवळ त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं, उसाच्या ट्रॉल्या बनवायचा.
त्याला जाऊन आज वर्ष झालं.

कंबर सतत दुखायची, वजन उतरलं. डॉक्टरांना मायलोमाचा, म्हणजे हाडांच्या मगजातल्या कॅन्सरचा संशय आला. रक्त तपासायला गेलं आणि मामी म्हसोबाला काळ्या बोकडाचा नवस बोलली.

रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही.
बाजारात काळा मिळेना, म्हणून तांबड्यावर भागवलं. सगळी भावकी जेवली. मामा भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या ओरडत होता, "आरं रस्सा वाढा की! पाव्हणं काय नुसतं बघायला आल्यात व्हय?"

पुढे पाय सुजले. किडन्या गेल्या होत्या. पुण्यात दुसरी टेस्ट झाली आणि मायलोमाच निघाला.

मामीने एकच धरलं. "काळा बोलले आन् तांबडा दिला. माझ्यामुळंच झालं."
जेवेना. मामासमोर यायलाही घाबरायची.

मी नगरला कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. मामाने मला बोलावून घेतलं.
"मला नीट सांग, मंग मी तिला सांगतो. माझं काय व्हायचं ते हुईल, पर ही उगंच जळतीया."

सांगितलं.
मायलोमा हा अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. अँटिबॉडी प्रथिनांच्या दोन मोठ्या आणि दोन लहान साखळ्यांची बनते. बहुतेक मायलोमात ती पूर्ण बनते, रक्तात साठते आणि नेहमीच्या टेस्टमध्ये दिसते.
काहींच्या पेशींत मोठ्या साखळीचं जीन तुटतं किंवा भलतीकडेच जोडलं जातं. मग नुसत्या लहान साखळ्या सुटतात. त्या रक्तात फार थांबत नाहीत, लघवीवाटे जातात आणि जाता जाता किडनी तुंबवतात. नेहमीच्या टेस्टमधून त्या निसटू शकतात.

मामा विचार करून म्हणाला, "म्हंजी ट्रॉलीची चासी बनवायचं मशीन मोडलं आन् नट-बोल्ट धडाधड चालू. त्येच गटारीत अडाकलं."
"हो, तसंच."
"मशीन का मोडलं?"
"ते नेमकं कुणालाच सांगता येत नाही, मामा."
"पर बोकडाच्या आधीच मोडलं हुतं ना?"
"खूप आधी."
त्याला एवढंच हवं होतं.

डायलिसिसहून आला की तो मामीला हेच सांगायचा. ती ऐकून घ्यायची आणि उठून जायची. मला रागच यायचा, स्वतःचा जीव जातोय आणि ह्याचं काय चाललंय! तो गेला तेव्हाही तिला पटलं नव्हतंच.

आज वर्षश्राद्धाला गेले होते. आलेली एक पाहुणी मामीला म्हणाली, "नवसात कायतरी कमी पडलं असंल, बाई."

मामी पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली,
"त्येंच्या पेशी आदीपासनंच अर्धं काम करीत हुत्या. बोकडाचा काय संबंद न्हाई."

मला तिथे बसवेना. बाहेर येऊन हे लिहितेय.

मामा, तिला पटलं रे.
जा आता निवांत.